दहा प्रतींवर डिलिव्हरी फुकट

बाबांनी दोन फुलस्केप वह्यांत आमच्या लालबागच्या चाळीच्या आठवणी लिहून काढल्या, तोवर चाळ पाडून झाली होती आणि त्यांचा दमा छातीत मुक्कामालाच आला होता. मी ते सगळं टाइप करून एका वेबसाइटवर चढवलं. तिथे गठ्ठ्याने पुस्तकं छापून घरात पलंगाखाली रचावी लागत नाहीत. ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापतात आणि घरी पाठवतात. लेखकालाही स्वतःचं पुस्तक विकतच घ्यावं लागतं. किंमत एकशे नव्वद, डिलिव्हरी एकशे दहा. दहा प्रती एकदम घेतल्या तर डिलिव्हरी फुकट.

ते 'फुकट' वाचलं आणि माझ्यातला चाळकरी जागा झाला. आमच्याकडे मे महिन्यात मशीदबंदरहून सात-आठ घरांच्या मिरच्या एकत्र यायच्या आणि हातगाडीचं भाडं सगळ्यांत वाटलं जायचं. एकट्यासाठी हातगाडी करणारा म्हणजे उधळ्या. मग एका पुस्तकापायी एकशे दहा रुपये कोण घालवणार? बदलापूर, विरार, डोंबिवलीला पांगलेल्या शेजाऱ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होताच. त्यावर मी नावं मागितली. सगळ्यांनी अंगठे दाखवले, हात जोडले. नावं मात्र आठवर अडली.

बाबा कॉटवरून रोज विचारायचे, "पुस्तक आलं काय रे?"

"छपाईला गेलंय," मी ठोकून द्यायचो.

"मला एक हातात दे, मग बाकीच्यांचं बघ."

हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि मी ते ऐकलंही होतं. तरी म्हटलं, आणखी दोनच तर नावं. मला पगार चांगला आहे. महिन्याला याच्या कितीतरी पट पैसे बाहेरच्या कॉफीवर जातात. पण काटकसरीचीही एक घमेंड असते. ती माझ्यात होती.

नववं नाव आलं त्या शुक्रवारी बाबांना परळच्या इस्पितळात हलवलं. तोंडावर मास्क, बोलता येईना. त्यांनी दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे उघडून दाखवले. येतंय, अशी मी मान हलवली. तेव्हाही ऑर्डर गेलेली नव्हती. रविवारी दुपारी ते गेले.

तेराव्याला जेवायला आलेली जुनी मंडळी पुस्तकाचं विचारू लागली. जो तो आपलं नाव सांगत होता. एकतीस झाली. पंगत उठायच्या आत मी मोबाइलवर ऑर्डर टाकली, कारण मला कोणाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी खोकी दारात आली. आईने एक प्रत काढून कव्हर पदराने पुसलं. सगळा प्रकार तिला मी तेव्हाच सांगितला.

"एकच आधी मागवलं असतं तर डिलिव्हरीचे किती पडले असते?" तिने विचारलं.

"एकशे दहा."

"तेवढे माझ्याकडे होते रे," ती म्हणाली.