एकोणीस वॉरंटी कार्डं

सगळा बाजार तिला वहिनी म्हणायचा. तसं म्हणा असं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचा धाकटा दीर बारा वर्षं तिच्याच दुकानात होता आणि काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दिवसातून शंभर वेळा "वहिनी" अशी हाक मारायचा. ती ऐकून आधी चहावाला म्हणायला लागला, मग शेजारचा शिंपी, मग गिऱ्हाइकं. पुढे दीर निघून गेला आणि रस्त्यापलीकडे स्वतःचं दुकान थाटून बसला, तरी हाक इथेच राहिली. त्याची बाकी प्रत्येक खूण तिने दुकानातून पुसून काढली होती, ही मात्र निघाली नाही.

दुकान कॅमेऱ्यांचं. अरुंद आणि खोल, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने पोट आत घ्यावं असं. तिने आणि नवऱ्याने बावीस वर्षांपूर्वी ते उभं केलं आणि पुढे एका मोठ्या कंपनीचे अधिकृत विक्रेते झाले. या 'अधिकृत'चा तिला भारी अभिमान. कुणी कॅमेरा घेतला की ती आधी खोक्यावरचा नंबर मोठ्याने वाचायची, मग कॅमेऱ्याच्या बुडावरचा, मग वॉरंटी कार्डावरचा. तिन्ही जुळले की गिऱ्हाइकालाही वाचायला लावायची, वहीत उतरवून घ्यायची आणि मगच कार्डावर दुकानाचा शिक्का उमटवायची. घाईतल्या माणसाचा जीव मेटाकुटीला यायचा. तिला त्याचं काही नव्हतं.

दीर हुशार, तिच्याहून नक्कीच. नवरा गेल्यावर वर्षभरात त्याने वेगळी चूल मांडली. तोच कॅमेरा दुसऱ्या देशात विकण्यासाठी पाठवलेला असतो, तिथून आडवाटेने इकडे येतो आणि बराच स्वस्त पडतो. बाजारात त्याला ग्रेचा माल म्हणतात, आणि दीर तोच विकायला बसला. माल खोटा नसतो, फक्त कंपनीची इथली वॉरंटी त्याला लागू नसते. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगून विकलं तर त्यात पाप नाही, हे वहिनीसुद्धा कबूल करायची. पण लोक! तिच्याकडे येऊन तासभर लेन्स फिरवून बघायच्या, शंभर प्रश्न विचारायचे, ती घसा कोरडा करून उत्तरं देणार, आणि मग "घरी विचारून सांगतो" म्हणत सरळ रस्ता ओलांडायचा. काचेतून सगळं दिसतं हो. निदान कोपऱ्याला वळसा घालून तरी जावं माणसाने.

हे सगळं तिने गिळलं असतं. धंदा आहे, ज्याचं त्याच्यापाशी. पण एका दुपारी एक निवृत्त नर्सबाई आल्या. पक्ष्यांचे फोटो काढायला म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला होता आणि तिसऱ्या महिन्यात तो मुका झाला होता. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नंबर तपासून हा आमच्या इथला नाही असं सांगून परत पाठवलं होतं. बाईंनी कार्ड काउंटरवर आपटलं आणि चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं की हा शिक्का तुमचाच ना. शिक्का तिचाच होता. नंबर मात्र तिच्या वहीत कुठेच नव्हता. बाईंना तिने विचारलं, कॅमेरा घेतला कुठून? बाईंनी समोर बोट दाखवलं. तिथे तर म्हणाले, दुकानं दोन असली तरी घर एकच आहे.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवरा हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा ती दिवसभर तिकडे असायची. दुकान अडू नये म्हणून नवऱ्याने भावाला दुसरा शिक्का करून दिला होता. दीर सोडून गेला त्या दिवशी तिने किल्ल्या परत मागितल्या, एकेक कुलपाला लावून पाहिल्या, एक कमी होती तर तीही घरी माणूस पाठवून आणवली. शिक्का मागायचं डोक्यातच आलं नाही. तीन तीनदा नंबर वाचणारी बाई, आणि हे विसरली! आता आठवल्यावर तरी कंपनीला कळवायला हवं होतं. सासूबाई म्हणाल्या, घरातलं उणंदुणं कंपनीला कशाला. तिलाही ते पटलं, कारण आपल्या घरात चोर आहे असं लिहून द्यायला हात धजेना.

त्या दुपारी ती समोर जाऊन भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं शिंपी पुढे म्हणायचा. तिने नर्सबाईंना स्वतःच्या घरातला कॅमेरा दिला आणि बदल्यात कार्ड ठेवून घेतलं. मग दुसरा आला, तिसरी आली. ओळखीच्या कारागिराकडून कुणाचं काम करून दिलं, कुणासमोर नुसते हात जोडले, पण कार्ड प्रत्येकाकडून मागून घेतलं. लेन्सच्या रिकाम्या डब्यात ती रचून ठेवायची. एखाददुसऱ्या कार्डाला तो नजरचुकीने झालं म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. तिला त्याला डोकं वर काढायलाही जागा ठेवायची नव्हती. जेवताना, भांडी घासताना ती मनात त्याचं दुकान बंद करत होती, रोज नव्या तऱ्हेने. सूड ही वस्तूच अशी आहे की ती माणसाला कामाला लावते. त्या वर्षात वहिनी कधी आजारी पडली नाही.

कार्डं एकोणीस झाली तेव्हा बाजारात बातमी आली की दिराने त्याच कंपनीकडे अधिकृत विक्रेता होण्यासाठी अर्ज केला आहे. ग्रेचा माल त्याने एका आठवड्यात मिळेल त्या भावात काढून टाकला, दुकानाला रंग दिला, नव्या पाटीचं माप देऊन आला. म्हणजे खायचं तेवढं खाऊन आता हात धुऊन पंगतीला बसायचं! तिच्या अंगाची आग आग झाली.

कंपनीचा साहेब दोन्ही दुकानं बघायला आला. वहिनीचा करारही त्याच महिन्यात पुढच्या तीन वर्षांसाठी वाढायचा होता. साहेब शांत, जरासा खोकणारा गृहस्थ. तो आधी तिच्याकडे आला. तिने डबा त्याच्यासमोर उपडा केला आणि सगळी हकिगत सांगितली. त्याने एकेक कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"बाई, शिक्का तुमच्या दुकानाचा आहे," तो शेवटी म्हणाला. "हरवल्याचं आठ दिवसांत कळवायचं असतं. करारात लिहिलंय."

"मग?"

"तुम्ही तक्रार लिहून दिलीत तर त्यांचा अर्ज गेला. कुठलीच कंपनी त्यांना दारात उभं करणार नाही. पण त्याच कागदाने तुमचाही करार रद्द होतो. मला वाचवता येणार नाही."

आणि तक्रार दिली नाही तर? तर दोघांचंही काम होईल, साहेब म्हणाला, त्यांचे कागद स्वच्छ आहेत. मग तो उठला. आपण कोपऱ्यावर चहा घेऊन येतो म्हणाला. परत येईन तेव्हा टेबलावर कार्डं दिसली तर पाहिली असं धरीन, नाही दिसली तर मी काही पाहिलेलं नाही. माणूस भला होता.

दहा मिनिटं वहिनी एकटी बसून होती. बावीस वर्षांचं दुकान आणि एकोणीस पुठ्ठ्याचे तुकडे. शहाण्या बाईने कार्डं डब्यात भरली असती. तिनेही चार भरली. पाचवं नर्सबाईंचं निघालं. तेवढ्यात पलीकडे दीर दारात आला, नव्या रंगावरून हात फिरवला आणि तिला पाहून हसून मान लववली, जणू आता दोघं एकाच पंक्तीतले. तिने चार कार्डं परत बाहेर काढली. साहेब आला तेव्हा तक्रार लिहून, सही करून तयार होती.

पंधरा दिवसांत तिची पाटी उतरली. त्याची नवी पाटी रंगाऱ्याकडेच पडून राहिली. बातमी इतर कंपन्यांतही गेली, ग्रेचा माल देणाऱ्यांनीही हात झटकले आणि त्याच्या दुकानाला कुलूप लागलं. सासूबाई म्हणाल्या, याला म्हणतात आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन. वहिनी म्हणाली, नाक गेलं ते दिसतंय मला, पण अपशकुन झाला ना? तिला खरंच आनंद झाला होता. लपवायचं कशाला, ती दोन दिवस पोटभर जेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती रिकामी कपाटं पुसत असताना तो आला. चार वर्षांनी तो त्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत होता. ओरडेल असं तिला वाटलं होतं. त्याची उत्तरं तिने तयार ठेवली होती, कितीतरी महिन्यांपासून. तो काउंटरला टेकून उभा राहिला.

"वहिनी, काय मिळालं तुम्हाला?"

"तुमचं दुकान बंद झालेलं बघायला मिळालं, भाऊजी. मला तेच हवं होतं."

"तेवढंच?"

हे त्याने हळू विचारलं, खांदे पाडून, मान जराशी डावीकडे कलती ठेवून. तिचा नवरा शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलच्या खाटेवर असाच बसायचा, डॉक्टरांनी काही सांगितलं की असंच विचारायचा. तोच आवाज होता. घरात इतकी वर्षं वावरूनही तिने हे कधी पाहिलं नव्हतं, कारण दीर आजवर कधी हरलाच नव्हता.

केल्याचा पश्चात्ताप तिला झाला नाही, त्या क्षणीही नाही. पण त्याच्याकडे बघवेना. ती पाठ फिरवून तीच पुसलेली फळी पुन्हा पुसू लागली, आणि तो जाईपर्यंत पुसत राहिली.