नर्सबाईंचा लोकरी शर्ट

नर्सबाईंना सगळ्याची किळस यायची. टँकरच्या पाण्याची, ऑफिसातल्या कपबशांची, दवाखान्याच्या पडद्यांची आणि सर्वात जास्त टेरिलीनच्या कापडाची. वस्तू हातात आली की त्या ती आधी नाकाशी न्यायच्या आणि मग नाक आक्रसून दूर धरायच्या. अशी बाई नर्स झालीच कशी, असं मला पहिल्या महिन्यात वाटलं. मात्र रक्ताची, पुवाची, बाळंतपणातल्या घाणीची त्यांना कधीच किळस आली नाही. "ते माणसाच्या पोटातलं हाय," त्या म्हणायच्या, "त्याला काय नाक मुरडायचं?"

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. लेटरहेडवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव आम्ही शिक्का मारून झाकत होतो. त्यात दुष्काळ. मी आरोग्य केंद्रात कंपाउंडर. बाई मूळच्या लोह्याकडच्या. पाच गावं त्यांच्याकडे आणि ती सगळी त्या सायकलवर करायच्या. शेतात जाणाऱ्या बायका घालतात तसा साडीवर पुरुषी शर्ट. तो टेरिलीनचा, आणि धुवायला पाणी आठवड्यातून एकदा. "माझाच वास मला सहन होत न्हाई, भाऊ," त्या म्हणायच्या. "बाळंतिणीपाशी बसू कशी?"

उन्हाळ्याच्या तोंडी मदत म्हणून जुन्या परदेशी कपड्यांचे गठ्ठे आमच्या केंद्रात आले. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांना ते वाटायचे होते. पण वाटपाआधीच गठ्ठे सुटले. डॉक्टरसाहेबांनी कोट काढून घेतले. मी एक निळा स्वेटर माझ्या पेटीत टाकला. बाई जमिनीवर बसून शर्ट निवडू लागल्या. वास घ्यायचा, मानेवर घासून बघायचं, शिवणीतला धागा ओढून त्याला काडी लावायची. धागा वितळून गोळी झाली की तो टेरिलीनच्या जातीचा, शर्ट बाजूला. तासाभराने एक पातळ, राखाडी शर्ट सापडला. त्याचा धागा केसासारखा जळाला आणि बोटात चुरून गेला. लेबलवर मी 'मेरिनो' वाचलं. परदेशी मेंढीची मऊ लोकर, असं बाईंना सांगितलं.

"उन्हाळ्यात लोकर?" आमचा शिपाई हसला.

"धनगर उन्हातच घोंगडं घेऊन फिरून राहिलेत की," बाई म्हणाल्या.

आठ दिवस त्या तो शर्ट घालून पाच गावं फिरल्या. घाम वाळून जायचा, वास नाही. त्या आठ दिवसांत बाई जरा हसऱ्या दिसल्या.

वाटपाच्या दिवशी खडीच्या कामावर बायका रांगेत उभ्या होत्या. गठ्ठ्यात उरलं होतं ते फाटकं, डागाळलेलं. एका म्हातारीच्या हातात नायलॉनचा झिरझिरीत झगा आला. तो कुठून घालायचा हे तिला कळेना. बाईंनी तो तिच्या हातून घेतला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "साहेब, चांगले कोट कुठं गेले?"

साहेब शांतपणे म्हणाले, "तुमच्या अंगावरचा शर्ट कुठून आला, बाई?"

बाईंनी खाली शर्टाकडे पाहिलं. बटणं सोडली, शर्ट काढला, घडी घातली आणि त्या म्हातारीच्या हातात दिला. "मी बी त्यातलीच हाय," एवढंच म्हणाल्या. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. मी गठ्ठ्यातला पुढचा कपडा काढून रांगेतल्या बाईला दिला. तेव्हा आलेली स्वतःची किळस अजून गेलेली नाही.

पुढे बाईंनी स्वतःच बदली मागून घेतली. बिलोलीकडे मिळाली. त्यांची सायकल एसटीच्या टपावर चढवायला मी गेलो होतो. खिडकीतून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या स्वेटरचं मी त्या दिवशी बोलले न्हाई. तुम्हीच बोलाल म्हणून वाट बघून राहिले होते."

गाडी हलली.

दुसऱ्या दिवशी मी स्वेटर घेऊन खडीवर गेलो आणि समोर आली त्या बाईला दिला. तिने तो कुणाचा, कशाचा, काही विचारलं नाही. पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि खडीची पाटी उचलून चालू लागली.