चार नंबरच्या खाटेवरची बहीण

आमच्या आईला ऑपरेशनची भीती अजिबात नव्हती. तिला फक्त ऑपरेशन करून घ्यायचं नव्हतं.

तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. कळ आली की घाटकोपरची आमची अख्खी चाळ गॅलरीत येऊन उभी राहायची, आणि कळ गेली की आई पदर खोचून कुळथाच्या पिठीला फोडणी द्यायची. "आता माका बरां आसा!" विषय संपला. शेवटी आमचे डॉक्टर चिडले. म्हणाले, "आता ऑपरेशन केलं नाहीत, तर मी तुमच्याकडे पाऊल ठेवणार नाही!" (आई मला हळूच म्हणाली, "चाय वाचली.")

त्याच आठवड्यात दोनदा कळ आली. दुसऱ्या वेळी आई ओरडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. ते बघून मीच घाबरलो. बँकेतल्या एका मित्रानं मुलुंडचं एक नर्सिंग होम सुचवलं होतं. मी म्हटलं, "आई, उद्याच तुझं नाव घालतो."

"कापूचा माका आसा, तुका नाय," आई म्हणाली. "आदी मी बघतलंय."

बाबा गिरणीतून रिटायर झाल्यापासून पेपराच्या मागे राहत असत. तिथूनच आवाज आला, "तूच जा तिच्याबरोबर. मी एकदा साडी घेवक गेल्लंय."

बाबांचं म्हणणं मला लवकरच कळलं. आधी आईनं जवळची दोन नर्सिंग होम बघितली. पहिलं नापास, कारण काउंटरवरची मुलगी नेलपॉलिश लावत होती. दुसऱ्याचा डॉक्टर तरणाबांड निघाला. "ह्येका मिशी तरी फुटली काय?" असं आईनं त्याच्यासमोरच मला विचारलं. डॉक्टर मराठी होता! मी दारावरच्या गणपतीकडे बघत राहिलो.

राहिलं मुलुंड. मी म्हटलं, "आई, आपण सरळ डॉक्टरांना भेटूया ना. काय हवं ते विचार."

"इचारल्यार सगळेच बरां सांगतत," आई म्हणाली. "न सांगता बघूचा."

म्हणून आम्ही संध्याकाळच्या भेटीच्या वेळेला, हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन, कुणाचे तरी नातेवाईक असल्यासारखे आत शिरलो. जिन्यातच आयाबाईंनी अडवलं.

"कुठला पेशंट?"

माझी वाट लागली! तोंडातून निघून गेलं, "चार नंबर!"

"बायकांचा वॉर्ड. डावीकडे."

चार नंबरच्या खाटेवर आईच्याच वयाच्या एक बाई झोपल्या होत्या. गळ्यात क्रूस, हाताला सलाईन. आई स्टुलावर बसली आणि परीक्षा सुरू झाली. खाटेच्या दांडीवरून बोट फिरवून झालं. चादरीचा वास घेऊन झाला. खाली वाकून खाटेखाली बघून झालं. मग मला हुकूम, "जा, संडास बघून ये."

मी गेलो. पॅसेजच्या टोकाचं दार ढकललं, आणि आतून जी किंकाळी आली ती ठाण्यापर्यंत पोचली असावी! मागून सिस्टर धावत आल्या. "ओ मिस्टर! लेडीज आहे ते!"

"मी फक्त बघत होतो..." मी म्हणालो. (याहून वाईट उत्तर मराठी भाषेत उपलब्ध नाही.)

घामाघूम होऊन परत आलो, तर त्या बाई जाग्या झालेल्या. आई त्यांचा सलाईनचा हात आपल्या मांडीवर घेऊन हळूहळू चोळत होती.

"दुखता काय गो?"

"आता नाही," बाई म्हणाल्या. "पण बाय, तू कोण?"

आई काही बोलणार एवढ्यात दारातून एक धिप्पाड गृहस्थ आला. "ममा!" म्हणून त्यानं बाईंच्या कपाळाची पापी घेतली, मग आईकडे बघितलं. म्हणजे आईच्या कपाळावरच्या रुपयाएवढ्या कुंकवाकडे बघितलं.

"ममा, या कोण?"

मी पिशवी उचलली. आता पळायचं! पण बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "पीटर, ही माझी मावसबहीण. पळून गेली होती."

"पळून?"

"मालवणी माणसाबरोबर. तेव्हापासून घरात कुणी तिचं नाव नाही काढलं."

पीटर आ वासून उभा राहिला. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "म्हणजे हा..."

"तिचा पोरगा."

"अरे, मग भाऊ ना तू माझा, यार!" आणि त्यानं मला असं काही कवटाळलं की दोन मोसंबी जागच्या जागी फुटली! "जॉनमामाला फोन करतो. भांडुपहून रिक्षानं येईल तो! किती खूश होईल म्हातारा!" मी "अहो, ऐका..." म्हणेपर्यंत पीटर जिना उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फोनकडे धावलासुद्धा.

"आई, चल!" मी म्हटलं. "मामा येतोय!"

"रव रे," आई म्हणाली. तिला जायची घाई नव्हती. मला आश्चर्य एवढंच वाटलं की तिला रागही आला नव्हता. फक्त म्हणाली, "माका पळवन न्हेवक तुझो बापूस कदी धावलो तरी काय?"

बाई टाके सांभाळत पोटाला हात लावून हसल्या. त्यांचं नाव फिलोमिना. मी विचारलं, "मावशी, पण तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"दिवसभर पंखा बघते मी," त्या म्हणाल्या. "माझी माणसं येतात ती आधी सलाईनच्या बाटलीकडे बघतात. डोळे उघडले तर ही माझा हात चोळत होती. तशी पळून गेलेली मावसबहीण आम्हाला खरंच होती. म्हटलं, असू दे माझी कोणीतरी."

आईनं चादरीची चुणी बोटानं सरळ केली. मग खाली बघत तिनं विचारलं, "भूल देताना एकट्याक ठेवतत काय गो?"

मला तेव्हा कळलं. दांडीवरची धूळ, चादर, संडास, सगळं बघून झालं होतं. आईला विचारायचं होतं ते एवढंच होतं.

"डॉक्टर हात धरून उभा राहतो," फिलोमिनामावशी म्हणाल्या. "झोप लागेपर्यंत. नाव विचारतो, गाव विचारतो. मी गाव सांगता सांगता झोपले. चहा मात्र घरून आण. इथला चहा म्हणजे गरम पाणी."

बोलता बोलता अर्धा तास गेला, आणि जॉनमामा आले! पांढरे केस, हातात टोपी, डोळ्यांत आधीच पाणी. मागे पीटर, त्याच्यामागे संध्याकाळच्या राउंडला निघालेले डॉक्टर, आणि त्यांच्यामागे मला ओळखणाऱ्या त्या सिस्टर! मामांनी दोन्ही हात पसरले. "बहिणी..."

आई उठून उभी राहिली. "मी तुमची कोण नाय," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माका पित्ताचे खडे आसत. मी नर्सिंग होम बघूक इल्लंय."

जॉनमामांचे हात तसेच हवेत. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग? पसंत आहे का आमचं नर्सिंग होम?"

"डॉक्टर बरो आसा म्हणतत," आई म्हणाली. "पण खाटीखाली झाडूक होया."

सगळ्यात आधी जॉनमामा हसले. इतके, की सिस्टरनी त्यांनाच पाणी दिलं. आणि जाताना ते म्हणाले, "बहीण नाही तर नाही. बाई, आपलं घर भांडुपच्या गावठाणात, चर्चच्या मागे. मासे खायला या."

पुढच्या सोमवारी आई दाखल झाली. ऑपरेशन झकास झालं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर आले तसा उठलो. ते हसत म्हणाले, "अभिनंदन! हे बघा," आणि त्यांनी एक छोटी बाटली माझ्या नाकासमोर धरली. आत आईचे खडे होते. हिरवे, गुळगुळीत, अजून ओले.

त्यापुढचं मला आठवत नाही. सिस्टर सांगतात की मी बाकाचा कोपरा कपाळानं गाठला.

बाबा पोचले तेव्हा माझ्या कपाळाला दोन टाके आणि वर बँडेज होतं. त्यांनी सिस्टरना विचारलं, "पेशंट कसां आसा?"

"आई एकदम फर्स्ट क्लास," सिस्टर म्हणाल्या. "मुलाला मात्र आज इथंच ठेवतोय."

बाबांनी हातातला पेपर घडी करून काखेत मारला. मग वाकून कानात म्हणाले, "आवशीक सांगू नको. उठान येयत ती."

पण आयाबाईंनी आत बातमी पोचवली होती. वॉर्डातून आईचा भुलीनं जड झालेला आवाज आला, "परत टाके घालूचे असले तर आदी तेका भूल देवा गो! नायतर परत पडात मेलो!"