राजाची सहावी बायको

रत्नागिरीच्या आमच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गाला आम्ही दोघीच मुली, वेगळ्या बाकावर. इतिहास मला फार आवडायचा असं नाही, पण पटकन पाठ व्हायचा. अर्धा हिंदुस्थानचा, अर्धा इंग्लंडचा, आणि पुस्तक इंग्रजी. मास्तर एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठीत अर्थ सांगायचे आणि कुणी शंका विचारली की पुढचं वाक्य वाचायला घ्यायचे.

घरी मी पडवीत बसून मोठ्याने घोकत असे. त्याला कुणाची हरकत नव्हती, कारण कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. वडिलांची थोरली बहीण, आमची आत्या, शेजारी वाल सोलत बसायची. विधवा होऊन माहेरी आली तेव्हा ती माझ्याएवढीही नव्हती. एकदा तिने विचारलं, काय गो एवढं घोकतेस? इंग्लंडच्या एका राजाच्या सहा बायका, मी म्हटलं, आणि शहाणपणा करून अर्थही सांगितला. दोघींशी काडीमोड, दोघींची मुंडकी उडवली, एक बाळंतपणात गेली. आत्याचे हात थांबले.

वडील आतून ऐकत होते. बंदरावर त्यांची मंगलोरी कौलांची वखार होती आणि घरात त्यांचा शब्द शेवटचा असे. काडीमोड शिकवणारी शाळा मुलीच्या जातीला नको, उद्यापासून घरी बसायचं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. शिमगा झाला की परीक्षा होती. ते ओरडले असते तर बरं झालं असतं; ओरडून बोललेलं ते दुसऱ्या दिवशी विसरत.

आत्याने वालाचं सूप बाजूला सारलं.

"आपल्या आबांच्या दोन बायका आधी गेल्या, आपली आई तिसरी. त्या दोघींची नावं सांग बघू."

वडिलांनी खुंटीवरची टोपी काढली.

"मला पण ठाऊक नाहीत. घरात कुणालाच नाहीत. ह्या पोरीला तिकडल्या सहाच्या सहा ठाऊक आहेत. शिकू दे तिला."

वडिलांनी टोपी घातली आणि ते वखारीवर गेले. दुसऱ्या दिवशी मला कुणी अडवलं नाही. आमच्या घरात हार अशीच कबूल व्हायची.

तेव्हापासून आत्या सहावीवर अडून बसली. ती राजाच्या मागे उरली, एवढंच आमच्या पुस्तकात होतं. उरली म्हणजे काय, राहिली कुणाकडे, खाल्लंन काय, असं आत्या विचारायची. मास्तरांना विचारलं तर म्हणाले, ते परीक्षेत येत नाही.

मी पास झाले. पुढे मुंबईला शिकत असताना एका जाडजूड पुस्तकात त्या बाईचा पत्ता लागला. राजा गेल्यावर थोड्याच महिन्यांत तिने आपल्या आवडीच्या माणसाशी लग्न केलं होतं. हे आत्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, याचा मी रत्नागिरीच्या बोटीत सारा वेळ विचार करत होते. घरी आल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, सांगून टाकलं.

आत्याने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बरं केलंन गो तिनं."

आणि मला ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.