आग्नेय कोपऱ्यातला आवाज

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलमध्ये तेव्हा जुनी घरं पाडून टाउनहाउसच्या ओळी उभ्या राहत होत्या. आमच्या अपार्टमेंटमागे पाइनची झाडं होती, झाडांपलीकडे एक अरुंद रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला, आम्ही ज्यांना काका-काकू म्हणायचो, त्यांचं घर. काका निवृत्त सिव्हिल इंजिनियर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते घर बांधून घेतलं, तेव्हा आजूबाजूला तंबाखूची शेतं होती. २००६च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन्ही बाजूंची घरं गेलेली होती आणि मधे फक्त तांबडी चिकणमाती उरली होती.

मी पुण्यात एका दैनिकात उपसंपादक होते. इथल्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दुपारी त्यांच्याकडे जाणं होई. काकू चहा करत, काका मला बागेत नेऊन मशीन दाखवत.

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर. त्यांच्याकडे दोन होते. एक जुना, तीन बटणांचा, नुसता आवाज करणारा. दुसरा नवा, पडद्याचा. जमिनीत काय आहे याचा अंदाज तो पडद्यावर दाखवायचा: खिळा, कॅनची टॅब, नाणं. निवृत्तीनंतर काकांनी पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा पालथ्या घातल्या होत्या. इथल्या यादवी युद्धातल्या शिशाच्या गोळ्या, सैनिकी कोटाचं बटण, घोड्याच्या लगामाची कडी असं बरंच काही गॅरेजमध्ये मांडून ठेवलं होतं.

"मशीन घेताना सगळे विचारतात, किती खोल जातं," काका म्हणाले. "तो प्रश्नच चुकीचा. आधी विचारायचं, तुला काय ऐकायचं नाहीये. जमिनीत नव्वद टक्के कचरा असतो. सगळं ऐकत बसलीस तर संध्याकाळपर्यंत वेड लागेल. म्हणून ही गाळणी." त्यांनी पडद्यावरच्या काळ्या चौकटी दाखवल्या. "लोखंड बंद. चॉकलेटचा कागद, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, भिंतींवरच्या सायडिंगच्या पत्र्याचे तुकडे, सगळं बंद. आता हे मशीन फक्त कामाचं बोलतं."

खिडकीतून काकूंचा आवाज आला. "यांना पंचवीस वर्षांत घरातलं मीठ सापडलं नाही. आणि जमिनीखालचं शोधतायत."

"मीठ धातू नाहीये," काका म्हणाले.

ते घरही जाणार होतं. एका बिल्डरने जागा मागितली होती. मुलगी पार पश्चिम किनाऱ्याकडे, बॉथेलला होती आणि दोघांनी तिच्याजवळ राहायला जायचं ठरलं होतं. पण घर दोघांच्या नावावर होतं आणि काकू सही करत नव्हत्या. त्यांची अट एकच होती. वास्तुशांतीच्या वेळी पुरलेला वास्तुपुरुष आधी बाहेर काढायचा, त्याची उत्तरपूजा करायची, मग सही.

वास्तुशांत कॅसेट लावून झाली होती. तेव्हा या भागात भटजी नव्हते. प्रतिमा काकूंच्या आईने पाठवली होती, सोन्याची. ती घराच्या आग्नेय कोपऱ्यात पालथी पुरायची असते. लाकडी जमिनीखाली ते जमेना म्हणून काकांनी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पायाला लागून बाहेर खड्डा केला. तांब्याची डबी हिरवी पडेल, फुटेल, म्हणून त्यांनी कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी प्लास्टिकची डबी दिली आणि काकूंनी प्रतिमा धान्यात ठेवून, झाकण लावून ती त्यांच्या हातात दिली.

"देव प्लास्टिकच्या डबीत घालायला लावला यांनी," काकू म्हणायच्या.

"हजार वर्षं काही होणार नाही त्या डबीला," काका म्हणायचे.

वास्तुपुरुष घरात बोललेल्या प्रत्येक वाक्याला तथास्तु म्हणतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. काकूंनी अट का घातली ते त्यांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं. पहिली काही वर्षं काका दर दिवाळीला म्हणत, पुढच्या वर्षी परत जाऊ. एकदा त्याच स्वयंपाकघरात भांडण झालं. काकू म्हणाल्या, मी आता या घरातून हलायची नाही, मला बाहेर काढायचं असेल तर उकरून काढावं लागेल.

"आणि खाली तो होता," त्या म्हणाल्या. "बरोबर पायाखाली."

त्यानंतर घर दोनदा विकायला काढलं होतं. एकदा घेणाऱ्याचं कर्ज मंजूर झालं नाही. दुसऱ्यांदा घेणाऱ्याची बदली झाली. काका ही कारणं सांगत. काकू ऐकून घेत आणि मान हलवत नसत.

"मला भीती मरणाची नाही वाटत, अगं," त्या म्हणाल्या. "मी विमानात बसेन. बॉथेलला जाईन. पण गेलेली असणार नाही. इथेच असेन, आणि वर लोकांची घरं."

काकांनी हे ऐकलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, मानलंही नाही. "सापडेल," एवढंच म्हणाले. "जागा माहीत आहे. सोनं गंजत नाही. दुपारचं काम आहे."

ते दुपारचं काम नव्हतं. नवं मशीन घेऊन त्यांनी तो कोपरा आडवा-उभा तपासला. मी हेडफोनचा दुसरा जोड कानाला लावून मागे उभी राहत असे. बांगड्या, किल्ल्या, घड्याळ आधी काढून ठेवावं लागे. काकू बांगड्या काढायला तयार नव्हत्या, म्हणून त्या खिडकीतूनच बघत. भिंतीजवळ गेलं की मशीन मधूनच बडबडू लागायचं, कारण नसताना, आणि थांबायचं.

एकदा स्पष्ट आवाज आला. काकांनी खुरप्याने चौकोनी ढेकूळ उचललं, बाजूला ठेवलं, पुन्हा मशीनची तबकडी फिरवली. आवाज खड्ड्यात नव्हता. ढेकळातही नव्हता. त्यांनी माती हातात कुस्करली. हातात फक्त तांबडी माती.

"गेला ना?" खिडकीतून काकू म्हणाल्या. "सरकला तो."

"सरकत-बिरकत नाही काही. गंजलेला खिळा असणार, त्यानेच गाळणीला फसवलं. वर्षानुवर्षं गंज मातीत उतरतो. मशीन खिळा आणि गंजलेली माती मिळून एकच ऐकतं. माती मोडली की आवाज मोडतो."

"सोन्याचंही तसं होतं का?" मी विचारलं.

"नाही. सोनं मातीला काही देत नाही. उचललं की संपलं."

पुढच्या खेपेला आवाज आला तो मोडला नाही. पडद्यावर चांदी दिसत होती. पायाच्या अगदी कडेला, हातभर खाली, एक नाणं निघालं. चांदीचं, गुळगुळीत झालेलं, अंक पुसलेले. काठाजवळ त्याला भोक पाडलेलं होतं. काकांनी ते पाण्याने धुतलं आणि उजेडात धरलं.

"इथे शेतावर राबणारे गुलाम असं नाणं दोऱ्यात ओवून घोट्याला बांधायचे," ते म्हणाले. "नजर लागू नये म्हणून. काही जण घराच्या कोपऱ्याखाली पुरायचे. वाचलंय मी. म्हणजे या जागी आधी झोपडं असणार. त्याचाही कोपरा नेमका इथेच."

काकू पहिल्यांदा बांगड्यांसकट बाहेर आल्या. मशीन किंचाळायला लागलं, काकांनी ते बंद केलं. काकूंनी नाणं तळहातावर घेतलं, भोकातून बघितलं, परत दिलं.

"आपण खड्डा केला तेव्हा हे खालीच होतं?"

"असणार."

"म्हणजे आपण याच्या डोक्यावर आपला ठेवला." त्या कोपऱ्याकडे वळल्या. "मग माझं बोलणं ऐकलं कोणी?"

काकांनी नाणं गॅरेजमध्ये नेलं नाही. त्याच कोपऱ्यातल्या, बागेच्या पाण्याच्या नळावर ठेवलं. मला ते नोंद घेण्यासारखं वाटलं, कारण तोपर्यंत त्यांनी बाहेर काही ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

बिल्डरची मुदत जवळ आली. काका रोज तेच करत होते. एका दुपारी ते मला पुन्हा समजावत होते की भरीव सोन्याचा आवाज कसा ओळखायचा, आणि वर्खासारखं पातळ जे काही असेल ते गाळणीने कसं काढून टाकलंय. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"अहो. पातळ म्हणजे किती पातळ?"

"म्हणजे कागद. चॉकलेटचा कागद."

"तो भरीव नाहीये."

"कोण?"

"वास्तुपुरुष. आईने सोन्याच्या पातळ पत्र्याचा केला होता. फुंकलं तर उडेल असा. वर डोळे-बिळे ठोकून काढलेले."

काकांनी हेडफोन गळ्यात घेतले. "तू मला भरीव म्हणाली होतीस."

"तुमच्या घरच्यांसमोर काय सांगणार? माहेरहून पत्रा आला म्हणून?"

"अगं, मी महिना झाला पत्राच गाळतोय!"

"मग तुम्ही तरी डबी उघडून बघायची होती पुरण्याआधी. इंजिनियर ना तुम्ही?"

"देवाची होती डबी. देवाची डबी कोण उघडतं?"

मला हसू आलं होतं, त्या दोघांना नव्हतं. काकांनी नवं मशीन भिंतीला टेकवून ठेवलं आणि गॅरेजमधून जुनं आणलं. त्याला गाळणी जवळजवळ नव्हतीच. त्यांनी बटणं सगळी उलट फिरवली. सुरू केल्याबरोबर कानात एकच गलका झाला. खिळे, तारा, पत्र्याचे कपटे, तांबडी माती, सगळं एकदम. त्यावर एक सलग थरथर होती, ती कुठून येते ते कळत नव्हतं. काकांनी भिंतीकडे बोट केलं. आत फ्रिज चालू होता.

"मेन बंद कर," त्यांनी काकूंना सांगितलं.

काकूंनी आत जाऊन मेन स्विच खाली ओढला. हिटर थांबला, फ्रिज थांबला, ओट्यावरचा दिवा गेला. दुपार होती, पण आकाश भरलेलं होतं आणि खिडक्या एकदम काळ्या झाल्या. घर तसं मी कधी पाहिलं नव्हतं. आत काकू आहेत हे माहीत असूनही रिकामं वाटत होतं. त्यांचा चेहरा खिडकीत आला तेव्हा तो काचेपासून किती आत आहे हे सांगता आलं नसतं.

हेडफोनमधली थरथर गेली होती. काकांनी एकेक खिळा, एकेक कपटा उपसून काढला. माती हळूहळू गप्प होत गेली. शेवटी काहीच ऐकू येईना. ते तबकडी तशीच सावकाश फिरवत राहिले. मग एक आवाज आला. आवाज म्हणणंही जास्त होईल. कोणीतरी बोलण्याआधी श्वास घेतो तेवढंच. तबकडी परत आणली, पुन्हा तेवढंच. तिसऱ्यांदाही तेवढंच, त्याच जागी.

काकांनी खुरपं टाकलं आणि बोटांनी माती उकरली. डबी नाणं निघालं होतं तिथून जेमतेम वीतभर बाजूला, बरीच वर होती. प्लास्टिकला खरंच काही झालं नव्हतं. झाकण काकूंनी उघडायचं असं न बोलता ठरलं. त्या मागच्या दाराने आल्या. बांगड्या काढलेल्या होत्या. त्यांचे हात मी पहिल्यांदाच तसे पाहिले.

आत धान्याची काळी भुकटी होती आणि तिच्यात प्रतिमा. पत्रा मधोमध दुमडला होता. काकूंनी नखाने तो उलगडला. ठोकून काढलेले डोळे दिसत होते.

"मी इथून चालले," काकू त्याला म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता, दूधवाल्याला सांगावं तसा. "तेव्हाचं बोलणं धरू नका. रागात बोलले होते."

काका बाजूला बघत होते. "अगं, तथास्तु म्हणायला आता तो खाली नाहीये."

"मग तुम्ही म्हणा."

काकांनी गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाले, "तथास्तु."

उत्तरपूजा दुसऱ्या दिवशी झाली. प्रतिमा तळ्यात सोडली. काकूंनी खड्डा बुजवण्याआधी भोकाचं नाणं परत खाली ठेवायला लावलं. "तो इथला आहे. त्याला कोणी निघ म्हटलेलं नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सही केली. निघताना काकांनी जुनं मशीन मला दिलं.

वसंत ऋतू लागला तेव्हा बॉथेलहून काकूंचा फोन आला. तिथे पाऊस होता. मुलगी-जावई कामावर, नात शाळेत. नात इंग्रजीतच उत्तरं देते, म्हणाल्या. झोप लागते, पाय दुखत नाहीत. इथे आलेय, नक्की आलेय, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"पण इथे भांडायला मजा नाही बघ," त्या म्हणाल्या. "या पोरांनी वास्तुशांत केलीच नाही. बोलते मी, पण खाली कोणी नाही. बोललेलं कुठे जातच नाही."

मागून काका काहीतरी म्हणाले. काकू म्हणाल्या, "हे म्हणतायत, मी ऐकतो ना. ऐकतायत हल्ली."

त्याच आठवड्यात मी मशीन घेऊन त्या जागेवर गेले. घर पाडून झालं होतं, पायाचे दगड नेलेले होते. पाण्याचा नळ नुसताच जमिनीतून वर आलेला होता, त्यावरून कोपरा कळला. वीज नव्हती, तारा नव्हत्या, आजूबाजूला यंत्रं थांबलेली होती. घड्याळ आणि किल्ल्या मी गाडीत ठेवल्या होत्या. नाणं अजून आहे का एवढंच बघायचं होतं. नाणं होतं, त्याचा आवाज खणखणीत आला.

तबकडी वीतभर बाजूला नेली तेव्हा दुसरा आवाज आला. श्वास घेतल्याइतका. परत आणली, पुन्हा तेवढाच. मी बसून हाताने उकरलं. काही नव्हतं. माती मोडली, बारीक केली, पसरली, तिच्यावरून तबकडी फिरवली. मातीत काही नव्हतं. खड्ड्यावरून फिरवली तेव्हा आवाज होता.

सोनं मातीला काही देत नाही, असं काका म्हणाले होते. मी त्यांना हे कळवलं नाही. काकूंना तर नाहीच.

खड्डा बुजवला, माती पायाने दाबली. मनात एक-दोन वाक्यं आली होती, साधीच, स्वतःशी बोलावीत तशी. गाडीत बसून दार लावेपर्यंत मी त्यातलं एकही बोलले नाही.