फळीवरची ट्रंक

हंगामात आमचं घर चाकांवर असतं. आप्पा ऊसतोडणीच्या यंत्रावर ऑपरेटर आहेत. यंत्र ज्या फडात जाईल तिकडं आमचा डबाही ट्रॅक्टरमागं जोडून जातो. डबा म्हणजे जुन्या ट्रॉलीच्या चासीवर पत्रा मारून केलेली खोली, दहा फूट लांब, सहा फूट रुंद. दिवाळीच्या सुमारास आईआप्पा त्यात राहायला जातात ते उन्हाळा लागेपर्यंत. मी सोलापुरात वसतिगृहात राहून बी.एस्सी. करते आणि सुट्टीत डब्यात जाते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुढचं सगळं त्या एका गोष्टीशी जोडलेलं आहे, म्हणून ती आधी सांगितली.

मागच्या हंगामात आज्जा, म्हणजे आप्पांचे वडील, गावी एकटेच होते. एका सकाळी हौदाजवळ पाय घसरून पडले आणि दुपारी शेजारीण पाण्याला येईपर्यंत तिथंच पडून राहिले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ते हौदाकडे जायचेच टाळू लागले. आमचं गाव अक्कलकोटच्या बाजूला. तिकडं घराघरात कानडी आणि मराठी एकत्र नांदतात. आज्जा मला लाडानं 'अव्वा', म्हणजे कानडीत आई, म्हणतात. या दिवाळीत आप्पा आज्जांबद्दल म्हणाले, "आता बाला सोबत न्यायचं. एकटं ठेवायचं न्हाई."

"न्यायचं की," आई म्हणाली, "पर मामंजींना झोपवायचं कुटं? ज्वारीच्या पोत्यावर?"

तिचं म्हणणं खरं होतं. डब्याच्या मागच्या भिंतीला सहा फुटांची एक आडवी फळी आहे. ती झोपण्यासाठीच केलेली, पण तिच्यावर कधी कुणी झोपलं नव्हतं. तिथं ज्वारीचं पोतं, तेलाचा डबा, अंथरुणाच्या वळकट्या, यंत्राचे जादा पाइप आणि पाती असत. आणि उजव्या टोकाला माझी पुस्तकांची पत्र्याची ट्रंक. आम्ही तिघं खाली, भांडी सरकवून झोपायचो. आज्जांच्या गुडघ्यांना खालची जमीन सोसणार नव्हती. थोडक्यात, फळी मोकळी झाली तर आज्जा येणार, नाहीतर गावी राहणार.

"मी करते जागा," मी म्हणाले.

आई हसली. "कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय, नसलेली जागा काढायला?"

तरी तिनंच शिवणाची टेप काढून दिली. डबा तेव्हा यंत्रमालकाच्या आवारात, सिमेंटच्या फरशीवर उभा होता. मी वहीत सगळं मोजून लिहिलं. दाराच्या आतल्या बाजूला आईच्या जुन्या लुगड्याचे खिसे शिवून लावले, त्यात मसाल्याच्या पुड्या, फण्या, औषधं गेली. छताच्या अँगलला खताच्या रिकाम्या पोत्यांची झोळी बांधली, तिच्यात वळकट्या बसल्या. ताटं खिळ्यांवर गेली, तेलाचा डबा खाली भांड्यांत गेला. राहिलं ते जड सामान, पोतं, पाइप आणि पाती. त्यासाठी मी डब्याच्या पोटाखाली पत्र्याचा एक कप्पा काढला, म्हणजे कागदावर. चासी जमिनीपासून सव्वादोन फूट, कप्पा सव्वा फूट खोल, खाली एक फूट मोकळा.

आप्पांनी तो कागद बराच वेळ हातात धरला. ते वीस वर्षं उसाच्या रानात यंत्रं चालवतात. कुठल्या बांधावरून काय जाईल आणि काय अडकेल हे ते नुसतं बघून सांगतात, टेप कधी लावत नाहीत. त्यांनी वाकून चासीखाली बघितलं, मग माझ्याकडं.

"बसंल न्हवं का गं?"

"बसतंय आप्पा. हे बघा, एक फूट राहतंय."

ते आणखी काहीतरी बोलणार होते असं मला वाटलं. पण त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि वेल्डिंगचं मशीन मागून आणलं. शेजारी डिझेल भरत उभा असलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "काय ऑपरेटर, डब्याला तळघर काढताय? फुडच्या साली माडी चढवा."

"इंजिनेर हाय आमची," आप्पा म्हणाले. मी इंजिनिअर नाही, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं होतं. त्या दिवशी नाही सांगितलं.

कप्पा झाला. फळी मोकळी झाली, ट्रंक सोडून.

ट्रंक अडीच फुटांची. मी ती खाली सरकवायला गेले तर आईनं माझा हातच धरला. "पुस्तकं खाली? पायात? ऱ्हाऊ दे तितंच." आप्पांनीही मान हलवली. डब्यातली सगळ्यात कोरडी, उंच जागा ती. आणि डबा बघायला आलेले आज्जा तर दारातूनच म्हणाले, "अव्वा, वल लागंल पुस्तकास्नी. मी काय ताडासारखा हाय व्हय? पाय मुडपून झोपतो की."

त्या ट्रंकेत अकरावी-बारावीची पुस्तकं होती, गाइडं होती, पहिल्या वर्षाच्या नोट्स होत्या. त्यातलं मला आता काहीच लागत नव्हतं. लागणारी पुस्तकं माझ्या पाठीवरच्या बॅगेत होती. हे मला त्या क्षणी माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. पण आईआप्पा त्या ट्रंकेकडं ज्या नजरेनं बघायचे, ती नजर मला आवडायची. सकाळी आईनं देवाच्या तसबिरीसमोर उदबत्ती ओवाळली की ट्रंकेपुढूनही एकदा फिरवायची. मी वहीत डब्यातली वीतभर जागासुद्धा मोजली होती, ट्रंक मात्र मोजली नव्हती. मी ती होती तिथंच राहू दिली.

श्रीपूरजवळच्या पहिल्या फडाकडं डबा निघाला तेव्हा त्यात सगळं सामान होतं, आई होती, आज्जा होते. मी मागून मोटारसायकलवर आप्पांबरोबर होते. डांबरी रस्ता संपला आणि उसाच्या गाड्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेली शेतवाट सुरू झाली. चाकं चाकोरीत उतरली, मधला उंचवटा तसाच वर राहिला. भरलेला डबा स्प्रिंगच्या पाट्यांवर चांगला खाली दबला होता. मी मोजला होता तो रिकामा, सपाट फरशीवर.

आधी खरवडल्याचा आवाज आला. मग कप्पा पुढच्या बाजूनं उचकटला आणि फाटलेल्या पत्र्यानं पोतं उभं चिरलं. ट्रॅक्टरवाल्याला कळेपर्यंत डबा वीसेक पावलं पुढं गेला होता. वाटेवर शेजारच्या रानातलं पाणी फुटून चिखल झाला होता. त्या चिखलात आमची हंगामाची ज्वारी पांढऱ्या पट्ट्यासारखी सांडत गेली होती.

कुणी मला रागावलं नाही. आई उतरली आणि वरवरची ज्वारी पदरात भरू लागली. मी आप्पांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"चाकोरी डोळ्याफुडं आली हुती," ते म्हणाले. "पर म्हटलं, तू मोजलंयस."

ते काही लागट बोलले नव्हते. खरोखरच माझ्या कागदापुढं त्यांनी आपले डोळे खोटे मानले होते. त्यांनी मला ओरडायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं.

उरलेली ज्वारी, चिखलानं माखलेले पाइप, पाती, सगळं परत फळीवर आलं. आज्जा दोन रात्री फळीवर उरलेल्या जागेत ट्रंकेला पाठ टेकवून बसूनच झोपले. तिसऱ्या दिवशी चहा पिताना सहज म्हणावं तसं म्हणाले, "मला वळसंगला पोरीकडं सोडा. तितं ओसरी हाय."

वळसंगला माझी आत्या असते. दोन खोल्यांत सात माणसं. आईनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं. आप्पा म्हणाले, "बा, दोन दिवस दम धर. मी काय तरी करतो." पण यंत्र सुरू झालं होतं आणि काय करणार हे त्यांनाही माहीत नव्हतं.

माझी सुट्टी संपत होती, म्हणून आज्जांना पोचवायला मीच गेले. सोलापूरला गाडी बदलली. वळसंगच्या गाडीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. कापडी पिशवी मांडीवर घेऊन ते बाहेर बघत होते. शहर मागं पडल्यावर मी म्हणाले, "आज्जा, ट्रंकेतली पुस्तकं मला आता लागत नाहीत."

"ठावं हाय की."

मला वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले.

"व्हय गं. कडी गंजलिया तिची. रोज उघडायच्या पेटीची कडी गंजत न्हाई. मला वाचता येत न्हाई, हाताला तर कळतंय."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. मग म्हणाले, "ते त्वा बोलायचं हुतं, अव्वा."

आवाजात राग नव्हता. वळसंग आल्यावर उतरताना त्यांनी नेहमीसारखा माझ्या खांद्याचा आधार घेतला. आत्यानं ओसरीवर पोत्याचा पडदा बांधून ठेवला होता. मी निघाले तेव्हा ते खाटेवर पाय लांब करून बसले होते. पाय लांब करता येतात हे बघून मला बरं वाटायला हवं होतं.

डिसेंबरात तीन दिवस सुट्टी मिळाली तशी मी डब्यावर गेले. जाण्याआधी आत्याच्या फोनवर फोन लावून आज्जांशी बोलले. ट्रंक काढते आहे, आता परत चला, असं सांगितलं. ते म्हणाले, "आता त्या डब्याची पायरी चढवत न्हाई मला. फुडच्या साली बगू." आणि विचारलं, "पुस्तकं कुटं ठेवणार?"

"वसतिगृहात, कॉटखाली."

"जमिनीवर न्हवं ना?"

"विटांवर ठेवते."

"हां. विटा लाव."

डब्यात जाऊन मी ट्रंक उचलली. ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. आई दारात उभी होती. कशाला नेतेस, असं तिनं विचारलं नाही. मी ट्रंक बाहेर ठेवून आले तेव्हा फळीच्या उजव्या टोकाला अडीच फुटांचा धूळ नसलेला चौकोन उरला होता. आईनं ओल्या फडक्यानं तो पुसला, थोडा वेळ तिथं हात ठेवला. मग खाली भांड्यांत अडकून पडलेला तेलाचा डबा उचलला आणि तिथं ठेवला.