बांधापलीकडचा रणगाडा

शहाबादी फरशीवरून लोखंडी पट्टा सरकू लागला की आधी एक नाजूक खळखळ उठते, मग त्या खळखळीच्या पोटातून खर्जातला घुमारा वर येतो, आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बंद यंत्रमाग कारखान्याचे पत्रे त्याला सावकाश साथ देऊ लागतात. फडताळातली भांडी कुणीतरी हलक्या हाताने एकसारखी हलवत राहावी, तसा काहीसा तो नाद. दुपारी गल्ली पेंगत असताना तो कानी पडला, की माझ्या अंगावर रोमांच उभे राहतात. साठी उलटलेल्या, गुडघ्यांना तेल चोळणाऱ्या बाईने लोखंडाच्या आवाजाने असे मोहरून जावे का? जावे! ज्याला हसायचे त्याने खुशाल हसावे.

तो आमच्या रणगाड्याचा आवाज आहे. खऱ्या रणगाड्याच्या एक षष्ठांश आकाराचा, पण दोन माणसांनाही न उचलवणारा, दूरनियंत्रकावर चालणारा हा रणगाडा मी आणि आमच्या यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, मिळून घडवला. माग भंगारात गेले, तरी कोपऱ्याकोपऱ्यात लोखंड उरले होते, आणि आयुष्यभर यंत्रांना सरावलेले चार हातही उरले होते. रिकामे हात आणि रिकामा कारखाना यांचे दुःख एकाच जातीचे असते. त्या दुःखावर पापड लाटणे हा उपाय मला शेजारणींनी सुचवला होता. मी रणगाडा निवडला.

निवडला तो अण्णांसाठी. अण्णा माझे थोरले भाऊ. फौजेत त्यांनी वर्षानुवर्षे रणगाडा चालवला, आणि निवृत्तीनंतर अक्कलकोटकडच्या आमच्या वडिलार्जित रानात वस्ती करून ज्वारी-तूर पिकवली. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला, काठी घेऊन चालता येईल असे डॉक्टर म्हणाले. डावा हात मात्र निर्जीव नव्हे, पण परक्यासारखा झाला. आणि अण्णांनी काय केले? ओसरीतली बाज धरली. घरासमोर अंगण, अंगणाला लागून बांध, बांधापलीकडे हिरवेगार रान. तरी त्या बांधापलीकडे त्यांनी पाऊल म्हणून टाकले नाही. डावा हात शालीखाली झाकून ते आढ्याकडे बघत पडून राहत. वहिनी फोनवर सांगताना रडत असत. शत्रूच्या तोफखान्याला न भ्यालेला माणूस आपल्याच हाताला लाजून घरात बसतो, हे मला सोसवत नव्हते.

म्हणून एके दिवशी मीच अण्णांना फोन केला आणि सांगून टाकले, की तुमचा रणगाडा बनवतेय, येळवसेला घेऊन येते. येळवस म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्ष सरता सरता आमच्या भागातली घरेच्या घरे रानात जातात, कडब्याची कोप, म्हणजे खोपटे, करून पूजा मांडतात, मिश्र भाज्यांची भज्जी नि भाकरी जेवतात आणि ताकातल्या आंबिलाचा कुंभ रिकामा होईपर्यंत परतत नाहीत. यंदा आपले ताट घरीच पाठवा, असे अण्णांनी आधीच बजावून ठेवले होते. माझे बोलणे ऐकून त्यांनी एवढेच विचारले,

"बांध चढंल का त्यो?"

चढेल, असे मी छातीठोकपणे म्हणाले. तेव्हा रणगाड्याच्या नावाने घरात एक कढई तेवढी होती!

"मग त्यो चढला, तर मी बी चढंन," असे म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

आता सांगा, एवढ्या एका वाक्यानंतर झोप कुणाला लागते? कढई खरोखरच होती. लग्नकार्यात भजी तळायची ती प्रचंड लोखंडी कढई पालथी घातली, तर तिचा घुमट थेट अण्णांच्या रणगाड्याच्या घुमटासारखा दिसे. यांनी तिला भोक पाडून तोफ म्हणून नळी बसवली. मालट्रकच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या दोन मोटारी जुन्या बाजारातून आल्या. एक डाव्या पट्ट्याला, एक उजव्या. पट्ट्याची युक्ती मात्र माझी. आमच्या मागाच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची एक साखळी फिरत असे आणि टॉवेलच्या काठावर कोणती नक्षी उमटायची ते ती ठरवी. तिच्याच धर्तीवर मी लोखंडी पट्ट्यांच्या कड्या केल्या आणि तारेच्या खिळ्यांनी एकमेकींत ओवल्या. काठाची नक्षी विणणारी साखळी आता युद्धाला निघाली होती! त्या दिवसांतला माझा उत्साह असा होता, की आमटीला फोडणी देताना मला गिअर दिसत आणि गिअर घासताना आमटी करपे. हे काही बोलत नसत. करपलेली आमटी निमूटपणे जेवून पुन्हा कानशीला भिडत.

आणि मग तो चालेना. बटण दाबले की मोटारी गुरगुरत, तापत, जळका वास येई आणि रणगाडा हातभर सरकून बसकण मारी. आम्ही काय केले असेल? पट्टा आणखी ताणला. सोलापुरातल्या मागावर ज्याचे आयुष्य गेले, त्याला ढिलाई बघवत नाही. उभ्या धाग्यांना आम्ही ताणा म्हणतो. तो वीणेच्या तारेसारखा ताठ हवा, सैल पडला की कापडात दोष आलाच. बोटांच्या पाठीने धागा चाचपून ताण ओळखायची विद्या मला सासूबाईंनी शिकवली होती, आणि त्याच बोटांनी मी रणगाड्याचा पट्टा चाचपत होते. दोन्ही बाजूंची एकेक कडी आम्ही काढून टाकली. पट्टा असा ताठ झाला, की त्यावर टिचकी मारली तर तो गायचा. गायचा, पण चालायचा नाही. दरम्यान नवरात्र आले, आणि येळवस दिसू लागली.

खंडेनवमीला आमच्याकडे मागाच्या हत्यारांबरोबर अण्णांचा एक फोटोही पूजेला असतो: वर्दीतले तरणेबांड अण्णा, आणि मागे त्यांचा रणगाडा. हा फोटो मी तरुणपणापासून पुसत आले आहे. दरवर्षी मनात यायचे, की सरकारी काम ते सरकारीच. बघा, पट्टा कसा वरच्या बाजूने लोंबतोय, कुणाला आवळायची सुद्धा फुरसत नाही. यंदा काच पुसता पुसता माझा हात थांबला. तो पट्टा लोंबत नव्हता, तो विसावला होता! चाकांच्या माथ्यावर त्याने निवांतपणे अंग टाकले होते, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या चादरीसारखे. खड्डा आला तर त्यात उतरायला, दगड आला तर त्याला वळसा घालून कवटाळायला त्याच्याकडे जागा शिल्लक होती. मी पूजा तशीच टाकून उठले आणि काढलेल्या कड्या परत ओवल्या. वर एकेक जास्तीची घातली. यांचा जीव वरखाली होत होता. असले सैल काम आपल्या कारखान्यातून बाहेर पडणार, याचे त्यांना खरोखर वाईट वाटत होते. मी बटण दाबले. पहिली खळखळ उठली ती तेव्हा.

त्या संध्याकाळी मी आनंदाने अक्षरशः टाळ्या पिटल्या. मग बसल्या बसल्या विचार करू लागले. जास्त ताणले की तुटते, ही म्हण आपण जन्मभर ऐकतो, पण ताणल्याने न तुटताही सगळे जागच्या जागी थिजून जाते, हे कुठे ऐकतो? कापडाला ताण हवा, कारण कापड एका जागी विणले जाते. जे चालायचे आहे, ज्याला खाचखळगे ओलांडायचे आहेत, त्याच्या अंगी थोडी ढील नको का? आणि मला अण्णा आठवले. फौजेची शिस्त अंगात मुरलेला तो माणूस. सगळे पूर्वीसारखे ताठ जमत नाही, म्हणून काहीच न करता बाजेवर पडलेला.

येळवसेला टेम्पोतून आम्ही वस्तीवर पोहोचलो. अण्णांना अंगणात खुर्चीवर आणून बसवले होते. अंगावर शाल, शालीखाली हात. वहिनींनी औताला लावतात तसे रणगाड्याच्या कपाळी हळदकुंकू लावले आणि कढईचा घुमट बघून माझ्याकडे असा कटाक्ष टाकला, की ही लग्नकार्यातली कढई, हे त्यांनी ओळखले असावे. दूरनियंत्रक मी पट्ट्याने गळ्यात अडकवला होता. त्यावर दोन दांड्या: डावी डाव्या पट्ट्याची, उजवी उजव्या पट्ट्याची, अगदी अण्णांच्या रणगाड्यात होत्या तशा. शिवाय यांनी शहाणपणाने एक खटका बसवला होता. तो दाबला की एकाच दांडीवर सगळा कारभार चाले. मी खटका दाबून दांडी अण्णांपुढे धरली. त्यांनी उजव्या हाताने रणगाडा थोडा पुढे नेला, थोडा मागे आणला, आणि दांडी सोडून दिली.

"हे खेळणं झालं. गाडी दोन हातानं चालती," ते म्हणाले.

संपले, असे मला वाटले. एवढा खटाटोप, एवढे लोखंड, आणि शेवटी तो झाकलेला हातच जिंकणार! वहिनी तोंड फिरवून आंबिलाकडे वळल्या. पण अण्णांची नजर रणगाड्यावरून हलत नव्हती. ते पट्ट्याच्या लोंबत्या भागाकडे बारकाईने बघत होते, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात पसंतीची एक रेषा उमटली होती. धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात. मला ते लहानपणापासून तशीच हाक मारतात.

"तंगी, खटका काढ. डावी तू धर."

मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन वाकून उभी राहिले. डाव्या दांडीवर माझे बोट, उजवीवर त्यांचे. रणगाडा निघाला आणि तिथल्या तिथे गरगर फिरला, कारण आवेशाच्या भरात मी दांडी पार टोकाला रेटली होती. सवय जाते कुठे! अण्णा म्हणाले, ढील दे की गं जरा. मी दिली. तेव्हा कुठे तो सरळ झाला, अंगण ओलांडून बांधाला भिडला, त्याने नाक वर केले, काळी ढेकळे पट्ट्याखाली कुरकुरली, आणि एकदा तो मागे घसरला. अण्णा मात्र शांत. आता तू थांब, आता तू दे, असे ते सांगत गेले; मी देत गेले, थांबत गेले. आणि रणगाडा बांधाच्या माथ्यावर चढला! क्षणभर तो आभाळाला टेकल्यासारखा दिसला, मग पुढे कलला आणि पलीकडे उतरून दिसेनासा झाला.

मोटारींचा आवाज येत होता, गाडी दिसत नव्हती. अण्णा चमकून म्हणाले, दिसत न्हाय की. आणि ते उठले. पैज आठवून नव्हे. गाडी चालती ठेवून चालक बसून कसा राहील, एवढ्याच साध्या कारणाने उठले. काठी खुर्चीला टेकलेली तशीच राहिली, कारण उजवा हात दांडीवर होता आणि तो सोडायला ते तयार नव्हते. तोल सावरायला काहीतरी हवे होते. शाल खांद्यावरून घसरून खाली पडली आणि त्यांचा डावा हात, इतके महिने कुणाला न दिसलेला तो हात, अडखळत, अंदाज घेत वर आला आणि माझ्या खांद्यावर टेकला.

एक यंत्र, दोन दांड्या आणि दोन म्हातारी भावंडे अशी आम्ही तो बांध चढलो. पलीकडे ज्वारीच्या कडेला रणगाडा आमची वाट बघत उभा होता. वहिनी आंबिलाचा तांब्या हातात धरून उभ्याच होत्या. त्यांना रडावे की वाढावे कळत नव्हते. शेवटी त्यांनी वाढले. अण्णा कोपीत बसून पोटभर जेवले.

रणगाडा आता पुन्हा भवानी पेठेत आहे. त्याच्या कड्यांमध्ये रानातली काळी माती वाळून बसली आहे, आणि हे रोज म्हणतात, की धुऊन टाकू, गंज चढेल. मी धुऊ देत नाही. आज दुपारी त्याला फरशीवरून फिरवला, तेव्हा ती पहिली खणखणीत खळखळ थोडी मंद, थोडी भरीव झालेली ऐकू आली. मी डोळे मिटून ऐकत होते, आणि खांद्यावर एका अडखळत्या हाताचे वजन अजून जाणवत होते.